पट्ट्यांपलीकडचे स्वर

रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला की तासभर मी इंटरनेटवर चित्रविचित्र वाद्यं बघत-ऐकत बसते. सिंथेसायझर म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा अशी ही यंत्रं. कुणी लाकडी खोक्यात बसवलेली, कुणी बिस्किटांच्या डब्यात, कुणी कागदावर छापलेल्या सर्किटवर जोडलेली. माझं गाणं आईकडे, पेटीवर झालं. इलेक्ट्रॉनिक्स शाळेत फिजिक्सच्या पुस्तकात भेटलं तेवढंच. तरी या नादामुळे मी स्वर नव्याने ऐकायला लागले. त्यातून जे हाती लागलं, ते जसं आठवेल तसं सांगते.

१. वाद्याला पट्ट्या असायलाच हव्यात असं नाही, हे मला फार उशिरा उमगलं. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत दोन माणसं देशाच्या दोन टोकांना जवळजवळ सारखंच यंत्र घडवत होती. न्यूयॉर्ककडे रॉबर्ट मोग आणि सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला. तत्त्व दोघांचं एकच : विजेचा दाब बदलला की स्वर चढतो किंवा उतरतो. मोगसोबत हर्बर्ट डॉइच हे संगीतकार काम करत होते, त्यांच्या आग्रहाने मोगच्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या लागल्या. बुक्लाने मात्र त्या नाकारल्या आणि बोट टेकवायच्या धातूच्या चकत्या बसवल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोर आल्या की हात जुन्याच सवयीने जुनंच संगीत वाजवणार, असं त्याचं म्हणणं. १९६८ च्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेने मोगचं नाव घरोघरी पोचवलं. बुक्लाच्या यंत्रावर मॉर्टन सबॉटनिकने १९६७ मध्ये ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ केलं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सम कुठे शोधायची हेच कळेना, आणि त्या न कळण्यातच मजा यायला लागली.

हा वाद आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी झाला होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, ही तक्रार. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ज्या महाराष्ट्रात पेटीला मैफलीत मान मिळवून दिला, तिथे वाढलेल्या माझ्यासारखीला ती बंदी अन्यायाचीच वाटायची. आजही वाटते. पण बुक्ला ऐकल्यावर त्यामागचा प्रश्न मात्र मनापासून समजला. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जे राहतं त्याचं काय करायचं, हा तो प्रश्न. या सगळ्या विचित्र वाद्यांची उत्तरं वेगवेगळी असतील, प्रश्न हाच आहे.

२. ज्या वाद्याला हातच लावायचा नाही, ते सगळ्यात शिस्तीचं निघालं. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह तेर्मेनने १९२० च्या सुमारास थेरेमिन बनवलं. एक उभी दांडी स्वरासाठी, एक आडवी कडी आवाज कमी-जास्त करण्यासाठी, आणि मधल्या हवेत वादकाचे दोन हात. आत रेडिओच्या पट्टीतली, कानाला ऐकू न येणारी दोन कंपनं चालू असतात. हात दांडीजवळ गेला की त्यातल्या एकाची कंपनसंख्या किंचित बदलते आणि दोघांमधला फरक तेवढा आपल्याला ऐकू येतो. समजा एक कंपन सेकंदाला १,७०,००० वेळा आणि दुसरं १,७०,४४० वेळा होत असेल, तर कानावर येतो तो ४४० चा स्वर.

हवेत हात हलवला की काहीतरी भुताटकीसारखं वाजतं, एवढंच माझ्या मनात होतं. मग क्लारा रॉकमोर ऐकली. ती मूळची व्हायोलिनवादक. हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटलं आणि ती थेरेमिनकडे वळली. हवेत ती बोटांच्या ठरावीक मुद्रा करते, एकेक बोट उलगडून स्वर घेते, आणि ते स्वर नेमके लागतात. मींड तर त्या वाद्याचा स्वभावच आहे. अवघड आहे ते स्वरावर थांबणं. आधाराला पडदा नाही, पट्टी नाही, तार नाही. उरतो फक्त कान. गळ्याचंही तेच आहे, म्हणून गाणाऱ्या माणसाने थेरेमिन एकदा तरी ऐकावं असं मला वाटतं. मोगही तरुणपणी थेरेमिन बनवून विकायचा. सिंथेसायझरचा धंदा त्याच्या हातून पुढे उभा राहिला तो या बिनपट्टीच्या वाद्यावर हात बसवून.

३. आपण या इतिहासाच्या कडेला उभे नव्हतो, आत होतो, हे कळलं त्या दिवशी मी कामं बाजूला ठेवून वाचत बसले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये मोग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो आणून बसवला. मागचा धागा आणखी जुना आहे. गीता साराभाई, स्वतः पखवाज वाजवणाऱ्या, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला असताना जॉन केजला भारतीय संगीत शिकवत होत्या आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या. ट्यूडर हा त्याच केजचा जवळचा सहकारी. गीताबाईंची भावंडं गौतम आणि गिरा साराभाई यांनी एनआयडी उभी केली होती. अशी साखळी जुळत गेली.

एनआयडीच्या त्या स्टुडिओत आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि स्वतः गीताबाई यांनी १९६९ ते १९७२ या काळात काम केलं. मग स्टुडिओ बंद पडला आणि टेप कपाटात गेल्या. २०१७ मध्ये पॉल पुर्गस या ब्रिटिश कलाकाराला त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या. २०२३ मध्ये त्यांचा संच प्रसिद्ध झाला आणि तो मला घरबसल्या ऐकायला मिळाला. काही तुकडे निव्वळ प्रयोगाचे आहेत, यंत्र काय काय करतं हे चाचपणारे. पण काहींमध्ये ही माणसं आपल्या कानाने त्या यंत्राला प्रश्न विचारताना ऐकू येतात. मला तेच तुकडे पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटतात. जवळपास ४५ वर्षं ते कुणी ऐकले नव्हते, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

४. मुंबईचे चरणजित सिंग हा या नादातला माझा सगळ्यात मोठा आनंद. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा, लग्नसमारंभात वाजवणारा हा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी एक ध्वनिमुद्रिका काढली : दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. भैरव, ललत, मधुवंती, मालकंस, सगळे यंत्रांवर. त्यांच्याकडे रोलंड कंपनीची तीन यंत्रं होती. जुपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. यातलं ३०३ हे एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं छोटं चंदेरी खोकं. ते कुणाला फारसं आवडलं नाही, आणि १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन थांबलंही. पुढे शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि १९८७ मध्ये त्याच्यावर ‘ॲसिड हाउस’ नावाचं नाचाचं संगीत उभं केलं.

त्या यंत्रात एक सोय आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाण्याची. चरणजितजींनी ती ओळखली. बारा स्वरांच्या यंत्रात मींडेची एक चोरवाट आहे, हे रागाचा संस्कार असलेल्या कानाला चटकन दिसलं असणार. ध्वनिमुद्रिका तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये ती नेदरलंड्समधून पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या पाच वर्षं आधीचा तो आवाज ऐकून जगभरचे लोक थक्क झाले. म्हातारपणी त्यांना परदेशी मैफलींची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. त्यांनी ॲसिड हाउसचा शोध लावला असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकलेली नव्हती. चरणजितजींचं मोठेपण सिद्ध करायला त्या दाव्याची गरज नाही. त्यांचा ललत ऐकावा, पुरेसं आहे.

५. विचित्र वाद्य शोधत जगभर फिरले आणि एक माझ्याच घरात कपाटावर होतं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा. बंगळुरूचे जी. राज नारायण, इंजिनिअर आणि वादक, यांनी १९७९ मध्ये तो बनवला. आज रियाजाच्या खोल्यांतून, क्लासमधून, अगदी मैफलींतूनही तो वाजत असतो. पट्टी, लय आणि पंचम की मध्यम, हे फिरवायला बटणं आहेत. सूर अखंड चालू राहतो आणि वादक कुणीच नाही. परदेशात असं खोकं कुणी बनवलं की त्याच्यावर लेख येतात. २००५ मध्ये बीजिंगच्या दोघा कलाकारांनी ‘बुद्ध मशीन’ काढलं, खिशात मावणारं, तेच तेच सूर घोळवत राहणारं. त्याचं केवढं कौतुक झालं! मलाही ते आवडतं. पण आपला तानपुरा त्याच्या पाव शतक आधीचा आहे, आणि तो रोज पहाटे कामाला लागतो. मिरजेत जवारी लावणाऱ्या कारागिराच्या तानपुऱ्याची सर त्याला नाही, हे खरं. स्वतःचं काम मात्र तो चोख करतो.

६. स्वर स्वतःच्या हाताने जन्माला घातला की तो वेगळाच ऐकू येतो. एवढं सगळं पाहून झाल्यावर हात शिवशिवायला लागले आणि मी तपकीर गल्लीत गेले. पुण्यात असले सुटे भाग तिथे मिळतात. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “ताई, मुलाचा प्रोजेक्ट आहे का?” म्हटलं, “नाही, माझाच आहे.” त्याने मान वर करून एकदा पाहिलं आणि मग फार आपुलकीने एकेक ड्रॉवर उघडून भाग काढून दिले. सीडी-४०१०६ नावाची चौदा पायांची चिप, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर, दोन पॉट (म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर), भाग खोचून जोडायचा ब्रेडबोर्ड, नऊ व्होल्टची बॅटरी.

या चिपमध्ये सहा उलटे-सुलटे दरवाजे आहेत. इनपुट वर गेलं की आउटपुट खाली, इनपुट खाली की आउटपुट वर. एका दरवाजाच्या आउटपुटमधून रेझिस्टरमार्गे वीज परत त्याच्याच इनपुटकडे आणायची आणि इनपुटवर एक कपॅसिटर लावायचा. कपॅसिटर भरतो, दरवाजा उलटतो, कपॅसिटर रिकामा होतो, दरवाजा पुन्हा उलटतो. हे वेगाने होत राहिलं की झाला स्वर. कपॅसिटर मोठा लावला की कामाला वेळ लागतो, स्वर खाली येत येत शेवटी नुसती टिकटिक उरते. स्वर आणि लय ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या टेबलावर एक कपॅसिटर काढून दुसरा लावताना ते कानांनी अनुभवलं.

रेझिस्टरच्या जागी प्रकाशाला जागणारा एलडीआर लावला, की दिव्याखाली हात आणला तरी स्वर उतरतो. हाताच्या सावलीची मींड. त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही केलं नाही.

७. आईने ते यंत्र माझ्याआधी ओळखलं. दोन दरवाज्यांचे दोन स्वर काढून मी ते एका छोट्या स्पीकरला जोडले होते, प्रत्येकाला एक पॉट. आई पलीकडच्या खोलीतून आली, म्हणाली, “काय गं हे, भुंगा?” बसली आणि स्वतःच एक पॉट फिरवायला लागली. दोन स्वर जवळ येऊ लागले तसा आवाज हेलकावे घ्यायला लागला, आधी भराभर, मग सावकाश. तानपुऱ्याची जोडी लावताना हाच हेलकावा संपेपर्यंत खुंटी पिळायची असते. आईच्या बोटांना ते ठाऊक होतं. “थांब, मिळतोय... अजून जरा...” आणि मग हेलकावा एकदम थांबला. आई माझ्याकडे बघत राहिली. “हे मी नाही लावलं गं. आपलं आपण लागलं.”

तिचं बरोबर होतं. दोन्ही स्वर एकाच चिपवर, एकाच बॅटरीवर चालतात. फार जवळ आले की एकाचे हिसके दुसऱ्यापर्यंत पोचतात आणि ते एकमेकांना ओढून एकत्र चालायला लागतात. अभियंते याला दोष मानतात आणि तो टाळायचे उपाय सांगतात. आईला तो फार आवडला. मग दोघी मिळून नेमकं कुठे ते एकमेकांना सोडतात आणि कुठे धरतात, हे शोधत बसलो. आयुष्यभर सूर लावलेल्या कानापुढे मी वाचलेली सगळी माहिती थिटी वाटली, आणि त्याचा मला आनंदच झाला.

८. आपलं शरीरही सर्किटचा एक भाग होऊ शकतं. १९७० च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये मिशेल व्हाईसवित्सने ‘क्रॅकल बॉक्स’ केला. छोटी पेटी, वर धातूचे उघडे ठिपके, आत बॅटरी. बोटांनी ठिपके जोडले की वीज त्वचेतून जाते आणि यंत्र किंचाळतं, पुटपुटतं. बोट कोरडं की घामेजलेलं, दाब किती, यावर आवाज ठरतो. अमेरिकेत रीड गझालाने जुनी खेळणी उघडून त्यांच्या आत नव्या तारा जोडत असाच एक पंथ सुरू केला. पण इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. हे सगळं बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंपुरतं. भिंतीतल्या प्लगवर चालणारं काहीही, अगदी प्लग काढून ठेवला असला तरी, नवख्याने उघडू नये. आतले मोठे कपॅसिटर वीज धरून बसतात आणि ती जिवावर बेतू शकते.

९. हे सगळं विकत घ्यावंसं वाटतं, आणि घ्यायची गरज नसते. १९९० च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोएफरने सुट्या मॉड्यूलची एक पद्धत आणली, युरोरॅक. एकाच उंचीच्या पट्ट्या, हव्या त्या विकत घ्यायच्या, वायरींनी जोडायच्या. तिची हौस अपार महाग आहे आणि बाहेरून मागवलं की वर कस्टम. त्याऐवजी व्हीसीव्ही रॅक हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्यावं. तेच मॉड्यूल पडद्यावर, त्याच वायरी. माझं निम्मं शिक्षण त्याच्यावर झालं.

१०. ज्ञान उघडं ठेवणाऱ्यांनी या क्षेत्राला मोठं केलं. पॅरिसच्या एमिली जिले यांनी ‘म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स’ नावाने अप्रतिम मॉड्यूल बनवले आणि त्यांची सर्किटं, आतला प्रोग्राम, सगळं जगासाठी खुलं ठेवलं. २०२२ मध्ये त्यांनी कंपनी बंद केली, तरी ती वाद्यं मेली नाहीत. ठिकठिकाणी लोक ती अजून बनवतात. अमेरिकेतला पीटर ब्लासर तर कागदावर छापून घ्यायची सर्किटं देतो : कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, भोकं पाडा, भाग ओवा, डाग द्या. इथे मला भातखंडे आठवतात. घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, छापल्या. त्यांच्या स्वरलिपीत मींडेचे सगळे बारकावे मावत नाहीत, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती खरी आहे. पण त्यांनी छापलं नसतं तर माझ्या आईसारख्या कुठल्याच घराण्याच्या नसलेल्या मुलीच्या हाती त्या बंदिशी आल्याच नसत्या.

११. नावं जपावी लागतात, आपोआप टिकत नाहीत. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेची १९६३ ची प्रसिद्ध धून रॉन ग्रेनरने लिहिली, पण ती ऐकू आली डेलिया डर्बिशरमुळे. तिने टेपचे तुकडे कापून, जोडून, एकेक स्वर हाताने घडवला. ते ऐकून ग्रेनरने तिलाही श्रेय द्यायची तयारी दाखवली होती. संस्थेच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर तिचं नाव यायला २०१३ उजाडलं, तेव्हा ती हयात नव्हती. आपल्याकडे केरसी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात मिनीमोग, म्हणजे मोगचा छोटा सिंथेसायझर, आणला, हे किती जणांना माहीत आहे? गाणी आपल्याला पाठ आहेत, वाजवणारे अनोळखी.

म्हणून तुम्हाला एक विनंती. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात अजून अशी घरं आहेत जिथे कुणी काका, मामा, आजोबा वाद्यवृंदात वाजवायचे, रेडिओ दुरुस्त करायचे, स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर बांधायचे. माळ्यावर त्यांचा एखादा कीबोर्ड असेल, स्पूल असतील, हाताने काढलेली सर्किटं असतील. भंगारवाल्याला बोलावण्याआधी ते खाली काढा. टेप असेल तर जाणकाराकडून डिजिटल करून घ्या. वाजवणारं माणूस हयात असेल तर त्यांच्यासमोर फोन ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, हे कसं वाजवायचात, कुठून आणलं, शेजारी कोण बसायचं. सगळी नावं लिहून घ्या.